भाचीला अमेरिकेत जज्ज व्हायचंय

प्रश्न : माझी भाची मिरामारच्या कॉलेजातून लॉ झाली. ऑगस्टमध्ये एलएल.एम.साठी न्यूयॉर्कला चाललीय. शिगम्याला सगळे घरी जमलो तेव्हा तिनं जाहीर केलं, "मी तिथं फेडरल जज्ज होणार." त्याची परीक्षा कधी असते? क्लास कुठला लावावा? वयाची अट काय?
– एक मामा, डिचोली

उत्तर : मामा, क्लासचे पैसे वाचले. परीक्षाच नाही!

मी स्वतः आपल्याकडची ज्युनिअर डिव्हिजनच्या (खालच्या कोर्टाच्या) जज्जाची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा तोंडीला घसरलो. मग म्हापशाच्या कोर्टात पस्तीस वर्षं वकिली केली. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून आधी थोडा हेवाच वाटला. पण तिथली वाट सोपी आहे असं समजू नका. आपल्याकडे नापास झालो तर निदान कळतं तरी. तिथं फोन येत नाही, एवढंच.

अमेरिकेच्या राज्यघटनेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या, जज्जासाठी वयाची, शिक्षणाची, अगदी वकिलीचीही अट नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट (तिथल्या संसदेचं वरचं सभागृह) मंजूर करतं. म्हणजे जागा रिकामी हवी, तुमच्या राज्याच्या सिनेटरांच्या डोळ्यांत तुम्ही भरलेले हवेत आणि वारंही बरोबर दिशेला हवं.

तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या जज्ज सोनिया सोटोमायोर यांचंच बघा. आईवडील पोर्टो रिकोचे, बालपण ब्रॉंक्समधल्या सरकारी वसाहतीत. 1979 मध्ये येल लॉ स्कूलमधून बाहेर पडल्या आणि मॅनहॅटनला सरकारी वकील झाल्या. पाच वर्षं चोऱ्या, मारामाऱ्या, खून. मग खाजगी फर्ममध्ये व्यापारी दावे. 1991 मध्ये डेमोक्रॅट सिनेटर मॉयनिहन यांच्या शिफारशीवरून रिपब्लिकन अध्यक्ष बुश (थोरले) यांनी त्यांचं नाव दिलं. पक्ष वेगळे असूनही! पुढच्या वर्षी त्या फेडरल जिल्हा न्यायाधीश झाल्या. अपील कोर्टासाठी क्लिंटन यांनी जून 1997 मध्ये नाव पाठवलं, ते मंजूर झालं ऑक्टोबर 1998 मध्ये. सव्वा वर्ष नुसतं ताटकळणं. 2009 मध्ये ओबामांनी सुप्रीम कोर्टासाठी निवडलं, सिनेटात 68 विरुद्ध 31.

यात भाचीनं काय धरावं? माझ्या मते 'क्लर्क' हा शब्द. सोटोमायोर त्या वाटेनं गेल्या नाहीत, पण पुष्कळ जण जातात. आपल्याकडे क्लर्क म्हटलं की रोजनामा लिहिणारा, तारीख विचारली की मान वर न करता "पुढच्या महिन्यात" म्हणणारा डोळ्यांपुढे येतो. तिथला लॉ क्लर्क म्हणजे नुकताच लॉ झालेला हुशार पोरगा किंवा पोरगी. वर्ष-दोन वर्षं जज्जाच्या चेंबरमध्ये बसायचं, कागद वाचायचे, टिपणं काढायची, निकालाचा कच्चा मसुदा करायचा. जज्ज निकाल कसा घडवतो ते आतून दिसतं, आणि त्या जज्जाची शिफारस आयुष्यभर कामाला येते. चंडीगढला जन्मलेले श्री श्रीनिवासन असेच दोन जज्जांकडे राहिले, त्यांतल्या एक सुप्रीम कोर्टाच्या सॅंड्रा डे ओ'कॉनर. पुढे सरकारच्या वतीनं सुप्रीम कोर्टात बाजू मांडली आणि 2013 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टावर गेले, 97 विरुद्ध 0 मतांनी. आपल्या विधानसभेत एखाद्या ठरावाला तरी असं होतं का?

पण आधी बार परीक्षा, म्हणजे तिथं वकिली करण्याच्या परवान्याची. न्यूयॉर्कमध्ये एलएल.एम. केलेल्या आपल्या मुलांना ती देता येते. अर्ज करून मिळणारी जागा हवी असेल तर मॅजिस्ट्रेट जज्जाची, म्हणजे फेडरल जिल्हा कोर्टातल्या दुय्यम जज्जाची, बघा. जाहिरात निघते, जिल्हा न्यायाधीश निवड करतात, मुदत 8 वर्षं.

राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्यांना मात्र निवृत्तीचं वय नाही. आपल्या पर्वरीच्या हाय कोर्टातले जज्ज 62 व्या वर्षी घरी जातात. कॅन्ससचे वेस्ली ब्राऊन 104 व्या वर्षी, 2012 मध्ये वारले, तेव्हाही जज्जच होते. 1962 मध्ये केनेडींनी नेमलेले! म्हणजे जागा रिकामी होण्याची वाट बघणाऱ्यांनी काय करायचं, ते तुम्हीच सांगा.

भाचीला एक सांगा. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायचं. सुनावणी बघायला कुणालाही जाता येतं, पास लागत नाही. मोबाईल तेवढा दारावर ठेवावा लागतो.