अठरा वेळा ओसाका

तुझी जपानच्या सहलीची एक्सेल शीट काल रात्री उघडली. चौदा दिवस, नऊ शहरं, प्रत्येक शहराला वेगळा रंग. खाली लाल अक्षरांत तुझा प्रश्न: "मावशी, चौदा दिवसांचा रेल्वे पास घेऊ का? कानाझावा गाळलं तर हिरोशिमा बसतंय. पण एवढं करून फुजी दिसलाच नाही तर?" मला नीट झोप लागली नाही. हीच शीट मी 2013 साली केली होती, वहीत, पट्टीने रेघा मारून.

उत्तर आधीच देऊन टाकते. एका गल्लीत राहा. पुढे सगळं याचंच लांबण आहे. वैतागलीस तरी वाच.

पासचं आधी उरकू. ऑक्टोबर 2023 मध्ये चौदा दिवसांचा पास 47,250 येनवरून थेट 80,000 वर गेला. म्हणजे पंचेचाळीस हजार रुपयांच्या आगेमागे. दिवसाला साडेतीन हजारांत भागवणार म्हणतेस ना? मग तुझ्या जवळपास सगळ्या सहलीचे पैसे नुसत्या रुळांवर गेले. आणि पास हातात असला की तो वसूल करायची खाज सुटते. मला सुटली होती. पाऊस आहे, पाय सुजलेत, पण पास आहे ना, मग चला निक्कोला.

त्या वेळी हिमेजीला पोचले तर किल्ल्याचा मुख्य बुरूज दुरुस्तीसाठी पूर्ण झाकलेला आणि आच्छादनावर किल्ल्याचंच भलंमोठं चित्र काढलेलं. मी त्या चित्राचा फोटो काढला आणि गाडी पकडली. हे मी हसत सांगते. हिरोशिमाचं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिथल्या शांतता संग्रहालयात सव्वाआठला थांबलेलं मनगटी घड्याळ आहे. त्या काचेसमोर उभी असताना मी माझ्या मनगटावर नजर टाकली, कारण पुढची गाडी पन्नास मिनिटांत होती. शेजारी एक बाई रुमाल तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही कोण जाणे. मला मात्र पाहिल्यासारखं वाटलं आणि ते अजून जात नाही.

दुसऱ्यांदा गेले ती नोव्हेंबर 2018 मध्ये. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. अठरा दिवस, आणि अठराही दिवस ओसाकातल्या शिन-इमामिया स्टेशनजवळच्या एका खोलीत. खोली तीन तातामींची (तातामी म्हणजे गवताची जाड चटई, खोल्या तिच्यावरच मोजतात), म्हणजे अंथरूण पसरलं की दार उघडताना अडायचं. ही वस्ती पर्यटनाच्या पुस्तकांत गुळगुळीत शब्दांत येते. जुनं नाव कामागासाकी, सरकारी नाव आइरिन. 1970 च्या एक्स्पोसाठी, म्हणजे जागतिक प्रदर्शनासाठी, ओसाका उभारणारे रोजंदारीवरचे मजूर इथल्या स्वस्त खोल्यांत राहायचे. नव्वदीच्या दशकात बांधकामं आटली, मजूर म्हातारे झाले, खोल्या रिकाम्या पडल्या. मग त्यातल्या काही मालकांनी पाठपिशवीवाल्यांना दार उघडलं. आपल्याला स्वस्त मिळतं ते असं कुणाच्या तरी रिकाम्या जागेत.

पहाटे पाचला तिथल्या मजूर नाक्याचं शटर वर जायचं आणि टोपीवाले म्हातारे आत सरकायचे. आपल्या नाक्यावर असतो तसा गलका तिथे नव्हता. 2019 मध्ये ते केंद्र बंद झालं. सकाळी दारू प्यायलेली माणसं, कोपऱ्यात लघवीचा वास, हेही तिथे होतंच. जपान म्हणजे चकाचक, हे मनातून काढ. तू त्याच वस्तीत राहा असा माझा आग्रह नाही. पण कुठली तरी एकच वस्ती धर.

साडेसहाला बागेत रेडिओ लागतो. 1928 मध्ये सुरू झालेली कवायत, दहा मिनिटांत आटोपते. पहिले दोन दिवस मी बाकावर बसून बघितलं, तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेत उभी राहिले. शाळेतली आपली सामुदायिक कवायत आठव, फक्त शिट्टी फुंकणारे सर नाहीत. दहाव्या दिवशी सर्दीमुळे गेले नाही. अकराव्या दिवशी पुढच्या रांगेतल्या आजींनी माझ्याकडे बोट केलं, मग कालच्या रिकाम्या जागेकडे, आणि भुवया उंचावल्या. मी नाक पुसून दाखवलं. त्या हसल्या. संपलं. एवढंच. नऊ शहरांत मी नसल्याचं कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण कुठेच मी दुसऱ्या दिवशी नव्हते. कळतंय का मी काय म्हणते ते? गल्ली धर.

गल्ली धरलीस की शहर वाचता येतं. वस्तीवरून त्सुतेनकाकु मनोरा दिसतो. रात्री त्याच्या टोकावरच्या दिव्यांचा रंग उद्याचं हवामान सांगतो: पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी म्हणजे ढग, निळा म्हणजे पाऊस. हे मला कुणी सांगितलं नाही, सहाव्या दिवशी माझं मलाच लक्षात आलं. तोक्योत सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहतात आणि ओसाकात उजवीकडे, हेही तेव्हाच कळलं. पहिल्या खेपेला मी त्या जिन्यांवर उभी राहिलेच कुठे होते?

सुपरमार्केटात रात्री आठच्या सुमारास तयार डब्यांवर "हानगाकु", म्हणजे निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात. स्टिकरवाला यायच्या आधी दहा मिनिटं सगळी मंडळी तिथेच लोणच्यांची बरणी वाचत असल्याचं सोंग करतात. मीही करायला शिकले. तू शाकाहारी आहेस, म्हणून एक बजावते: नुसतं मांस नाही ना, असं विचारू नकोस. खरी अडचण दाशीची, म्हणजे बोनिटो माशाच्या अर्काची, ती सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळीकडे असते, आणि उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यातही, त्या माशाचा अर्क निघू शकतो. थंडीत दुकानाच्या दाराशी भाजलेलं रताळं मिळतं. माझे निम्मे दिवस त्यावर गेले.

आणि सेंतो, सार्वजनिक न्हाणीघर. घरी बाथरूमला दोन कड्या लावणारी बाई मी, पहिल्या संध्याकाळी दारावरूनच परतले. दुसऱ्या दिवशी गेले ती सरळ हौदाकडेच. एका म्हातारीने "आरे आरे" करत मला थांबवलं आणि बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवलं. आधी पाटावर बसल्यासारखं तिथे बसायचं, अंग घासायचं, साबणाचा कण उरू द्यायचा नाही, मगच हौदात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. चौथ्या दिवसापासून ती मला बघून नुसती मान हलवायची. पाठीवर ओझी वाहिलेल्या बायकांच्या पाठी मी तिथे पाहिल्या. माझीही त्यातलीच एक होती.

घरी आल्यावर भाऊजींनी विचारलं, "फुजी पाहिला?" नाही पाहिला. "क्योतोचा सोनेरी पॅव्हेलियन?" या वेळी नाही. "मग अठरा दिवस केलंस काय?" अजूनही दर दिवाळीला विचारतात. एकदा मी चिडून म्हणाले की फुजी कॅलेंडरवर रोज बघते. हे उत्तर बरोबर नव्हतं, मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा पास परवडतही नव्हता. नाइलाजाचं मी नंतर तत्त्व केलं असेल. केलं असेल तर केलं. म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि तू "पण मावशी, तुमची गोष्ट वेगळी" असं लिहू नकोस.

मुंबईहून तिकीट कान्साई विमानतळाचं, म्हणजे ओसाकाचं काढ. फारच हौस असेल तर रात्रीच्या बसने एकदा तोक्योला जाऊन ये. रात्र बसमध्ये गेली म्हणजे एका खोलीचे पैसेही वाचतात. हिरोशिमा मात्र शीटमध्ये ठेव. गल्लीचं सगळं सांगूनही हे सांगते आहे. फक्त त्या दिवसाचं परतीचं तिकीट आधी काढू नकोस.

व्हिसाच्या अर्जाला दिवसवार आराखडा जोडावा लागतो, म्हणून रकाने रिकामे ठेवता येणार नाहीत असं तू लिहिलंयस. मी त्यात अठरा वेळा "ओसाका" लिहिलं होतं. खिडकीतल्या मुलीने कागद उलटून मागे काही आहे का ते बघितलं, आणि शिक्का मारला.