मे महिन्यातल्या युरोप ट्रिपला युरेल पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत?

तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको आणि ९ आणि १४ वर्षांची दोन मुलं, अ‍ॅमस्टरडॅम-पॅरिस-ल्युसर्न-मिलान-व्हेनिस-रोम असं पंधरा दिवसांत करायचंय आणि एजंट म्हणतोय महिन्यातले ७ दिवस वापरता येणारा युरेल ग्लोबल पास, म्हणजे युरोपभरच्या ट्रेनसाठीचा एकच पास, घ्या. सरळ सांगते, या रूटला नका घेऊ. मी जर्मनीत राहते आणि दर उन्हाळ्याच्या आधी कुणा ना कुणा नातेवाइकाचा हाच फोन येतो, त्यामुळे आता पाठ झालंय.

आपल्याला वाटतं पास म्हणजे ३३ देशांत कुठल्याही गाडीत बसा, वाटेल तिथे उतरा. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्समधल्या देशांतर्गत बहुतेक गाड्यांना ते खरंय. पण तुमचा रूट बघा. अ‍ॅमस्टरडॅम-पॅरिस म्हणजे युरोस्टार, पॅरिसहून स्वित्झर्लंड म्हणजे टीजीव्ही, ल्युसर्नहून मिलान, मग इटलीतल्या फ्रेचारोसा, सगळ्या लांब पल्ल्याच्या गाड्या. या सगळ्यांना पास असला तरी रिझर्व्हेशन कम्पल्सरी आणि त्याचे वेगळे पैसे, साधारण दहा युरोपासून तीस-पस्तीसपर्यंत, प्रत्येकी, प्रत्येक गाडीला. वर युरोस्टार-टीजीव्हीत पासवाल्यांचा सीटचा कोटा वेगळा असतो आणि सीझनमध्ये तो आधी संपतो, म्हणजे गाडीत जागा आहे पण तुम्हाला नाही. हातात पास असूनही शेवटी पूर्ण तिकीट काढणारे लोक बघितलेत मी.

हिशोब करायचा तर ४ दिवसांचा सेकंड क्लास अडल्ट पास २८०-३०० युरोच्या घरात जातो, म्हणजे दिवसाला सत्तरेक युरो पडले. हीच लांब पल्ल्याची तिकिटं तीन-चार महिने आधी काढली तर बऱ्याचदा तीस-चाळीस युरोपासून सुरू होतात, आणि मिलान-व्हेनिस तर त्याहून स्वस्त. ७ दिवसांच्या पासमध्ये दर दिवसाचा आकडा कमी दिसतो, पण तुमचे लांबचे प्रवास मोजून पाचच आहेत. उरलेले दोन दिवस वाया नको म्हणून मग लोक उगाच कुठेतरी जाऊन येतात, अनलिमिटेड थाळीचे पैसे दिलेत म्हणून पोट भरल्यावर पण जेवत बसल्यासारखं.

नेटवर एक सल्ला सारखा मिळेल की रिझर्व्हेशन टाळायचं तर स्लो रीजनल गाड्यांनी जा. पाठीवर एक सॅक असेल तर जरूर जा. पण चार माणसं, चेक-इनच्या मोठ्या बॅगा, खाऊची वेगळी पिशवी, त्यात प्लॅटफॉर्म बदलायला सात मिनिटं, लिफ्ट प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला आणि हमाल नावाचा प्रकार जवळपास नाहीच. नको.

आता पासची खरी मजा कशात आहे तर आयत्या वेळी प्लॅन बदलण्यात. आणि आपल्याला नेमकं तेच करता येत नाही, कारण शेंगेन व्हिसाच्या फायलीत हॉटेलचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम सगळं आधीच लावलेलं असतं. तारखा ठरल्यात, हॉटेलं ठरलीत, मग मोकळेपणाचे पैसे कशाला द्यायचे? हां, एक गोष्ट पासच्या बाजूने आहे. सेलमधला नसेल आणि अ‍ॅक्टिव्हेट केला नसेल तर तो साधारणपणे परत करता येतो, स्वस्तातली तिकिटं बहुतेक वेळा नाही. त्यामुळे व्हिसा हातात यायच्या आधी सगळी नॉन-रिफंडेबल तिकिटं काढून बसू नका.

स्वित्झर्लंडचा विचार मात्र वेगळा करा. तिथे किती दिवस आहात ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण तीन-चार असतील तर स्विस ट्रॅव्हल पास बघा, ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचे मिळतात. त्यात ट्रेन, बस, लेकवरच्या बोटी, शहरातल्या ट्राम सगळं येतं, ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर पूर्ण फुकट, टिटलिस डोंगराला निम्मं तिकीट, युंगफ्राउयोखला मात्र फक्त २५ टक्के सूट, तिथे खिसा मोकळा होणारच. आणि मुख्य म्हणजे आईवडिलांकडे हा पास असेल तर १६ वर्षांखालची मुलं स्विस फॅमिली कार्डवर फुकट, कार्डालाही पैसे नाहीत, फक्त मागून घ्यावं लागतं. म्हणजे तुमची दोन्ही मुलं बसतात. युरेलमध्ये फुकट फक्त ११ वर्षांपर्यंत, तुमच्या १४ वर्षांच्या मुलाला यूथ पासचे पैसे भरावे लागले असते, हे एजंटने सांगितलंय का विचारा जरा. पॅरिसहून तिकीट फक्त स्विस सीमेवरच्या बाझेलपर्यंतचं काढा, पुढे ल्युसर्नपर्यंत स्विस पासच चालतो.

मग युरेल घ्यावा कुणी? भाचेमंडळींपैकी कुणी २७ किंवा त्याखालचं असेल, यूथ रेट मिळत असेल आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, डेन्मार्क असं मनाला येईल तसं फिरायचं असेल तर डोळे झाकून घ्या. ६० च्या वरच्यांनाही १० टक्के सूट आहे. आणि जो युरोपात राहतोय, अगदी स्टुडंट व्हिसावर का असेना, त्याने युरेल नाही, इंटररेल घ्यायचा, तिथे पासपोर्ट कुठला ते नाही, राहता कुठे ते बघतात.

कुणी घेतलाच तर अ‍ॅपची भानगड नीट समजून घ्या. पास फोनमध्ये असतो, पण नुसता असून चालत नाही, गाडीत चढायच्या आधी त्या दिवसाचा प्रवास पासमध्ये अ‍ॅड करून तो ऑन करावा लागतो, तेव्हा क्यूआर येतो. एकदा बाझेलच्या गाडीत माझ्या समोरच एक कुटुंब होतं, चौघांचे पास बाबांच्या एकाच फोनमध्ये, बॅटरी लाल झालेली, टीसी शेजारी शांत उभा आणि चार्जर वरच्या रॅकवरच्या बॅगेत. टीसी भला होता, पुढचा डबा तपासून परत आला. सगळे असे नसतात.

तुम्ही आता इतकंच करा, शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मे साठी नोव्हेंबरपासून. अपॉइंटमेंट जितकी लवकर मिळेल तितकी घ्या, व्हिसा आला की त्याच आठवड्यात युरोस्टार आणि पॅरिस-बाझेल काढून टाका, त्यांचे भाव पटापट चढतात. इटलीतली त्यांच्यानंतर काढली तरी चालतील, फक्त अगदी शेवटपर्यंत थांबू नका, आणि स्विस पासला तर घाईच नाही, अगदी आदल्या दिवशी ऑनलाइन घेतला तरी चालतो.