बाबुराम भट्टराई एवढे हुशार, तरी नेपाळच्या राजकारणात मागे का पडले?

तुम्ही विचारलंय की भट्टराई अर्थमंत्री झाले, पुढे पंतप्रधानही झाले, मग आज त्यांच्यामागे कोणी का नाही. मला विचाराल तर माणसाकडे डोकं होतं, पण संघटना कायम माओवादी पक्षाचे प्रमुख प्रचंड यांच्या हातात राहिली.

गोरखा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, दहावीच्या परीक्षेत अख्ख्या नेपाळमध्ये पहिला, मग चंदीगडला आर्किटेक्चर आणि दिल्लीत जेएनयूमधून पीएचडी. १९९६ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान शेर बहादूर देउबांच्या सरकारला माओवाद्यांकडून ४० मागण्यांचं पत्र भट्टराईंनीच दिलं आणि मुदत संपायच्या आधीच माओवाद्यांनी युद्ध सुरू केलं, त्यात १७ हजारांच्या आसपास माणसं गेली. ती जबाबदारी त्यांचीपण आहेच, नंतर कितीही चांगलं काम केलं तरी ती पुसली जात नाही.

२००५ मध्ये प्रचंडांशी वाजलं तेव्हा पक्षाने त्यांना पदावरून काढून नजरकैदेत ठेवलं, आणि त्याच वर्षी त्यांचीच लाइन घेतली, म्हणजे आधी राजेशाही घालवा, त्यासाठी बाकीच्या पक्षांशी हातमिळवणी करा. त्यातूनच नोव्हेंबरमध्ये दिल्लीत माओवादी आणि त्या पक्षांमध्ये १२ कलमी समझोता झाला.

अर्थमंत्रीपद मिळालं २००८ च्या ऑगस्टमध्ये, जेमतेम नऊ महिने. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात भरीव काम तेच. लपवलेलं उत्पन्न स्वतःहून दाखवा, १० टक्के टॅक्स भरा, पैसा कुठून आला ते विचारणार नाही अशी स्कीम आणली, वसुलीवर जोर दिला आणि महसूल एका वर्षात ३० टक्क्यांच्या वर वाढला. तरुणांना धंद्यासाठी तारण न घेता २ लाखांपर्यंत कर्ज द्यायची योजनाही त्यांच्याच बजेटमधली. पण त्याच बजेटमध्ये जात्रांमधल्या बळीचा सरकारी खर्च कापला आणि ऐन इंद्रजात्रेत काठमांडूचे नेवार लोक रस्त्यावर उतरले, टायर जाळले, बंद पाळला, शेवटी सरकारला पैसे द्यावे लागले. हिशोब बरोबर असेलही, पण लोकांना आधी विचारायला हवं होतं ना! हीच सवय त्यांना पुढेही नडली असं मला वाटतं.

२०११ ला पंतप्रधान झाले, नेपाळमध्येच जोडलेली साधी मुस्तांग गाडी वापरायचे, काठमांडूचे रस्ते रुंद केले, पण देशाचं नवं संविधान काही झालं नाही आणि २०१२ च्या मे महिन्यात ते लिहिणारी संविधान सभाच विसर्जित झाली. २०१५ ला संविधान आल्यावर लगेच माओवादी पक्ष सोडला, नया शक्ती हा नवा पक्ष काढला, २०१७ ला त्यातून निवडून आले ते एकटे स्वतः, तेही नेपाळी काँग्रेसच्या पाठिंब्यावर. मग हा पक्ष त्या पक्षात विलीन, पुन्हा फूट, पुन्हा नवीन पक्ष. कार्यकर्ता तरी किती वेळा झेंडा बदलणार? २०२२ ला स्वतः उभेच राहिले नाहीत, गोरखाची सीट प्रचंडांना सोडली, आणि प्रचंड तिथून जिंकून पुन्हा पंतप्रधान झाले.