डॉक्टरला आता रिटायर करायचं का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी २००५ पासून 'डॉक्टर हू' बघतेय, म्हणजे काळातून फिरणाऱ्या परग्रहावरच्या डॉक्टरची बीबीसीची ती मालिका, ख्रिस्तोफर एकल्स्टनवाला सीझन आला तेव्हा कॉलेजात होते आणि आता माझी मुलगी माझ्या खांद्याला लागलीये, एवढ्या वर्षांत एक एपिसोड चुकवला नाही. पण खरं सांगू का, हल्ली बघताना मन लागत नाही. मे २०२५ मध्ये एन्शुटी गाटवाचा डॉक्टर दोनच सीझनमध्ये गेला आणि त्याच्या जागी चक्क बिली पायपर, म्हणजे २००५ ला डॉक्टरच्या सोबतिणीचं काम केलेली तीच, उभी, तर मी आनंदाने ओरडायचं सोडून "अरे आता हे काय" असं म्हणाले. नवरा तर कायम चिडवतो, "तुझा तो डॉक्टर अजून मेला नाही का गं?" सांगा, बंदच करावा का हा शो?

उत्तर : ताई, नवऱ्याला सांगा की मेलाय, बऱ्याचदा मेलाय, तीच तर सगळी गंमत आहे. १९६६ ला पहिला डॉक्टर म्हणजे विल्यम हार्टनेल, त्यांची तब्येत साथ देईना, मग शो गुंडाळायचा की माणूस बदलायचा असा पेच पडला आणि लेखकांनी डोकं चालवलं की हा परग्रहावरचा आहे ना, मग याचं अख्खं शरीरच बदलू दे. पॅट्रिक ट्रॉटन आले आणि गाडी पुढे निघाली. (या शरीर बदलण्याला 'रिजनरेशन' म्हणतात, तो शब्दसुद्धा नंतरचा, १९७४ चा.) अडचणीतून काढलेली पळवाट होती ती, पण तिच्यामुळे झालं असं की या शोला आपणहून संपायची सोयच उरली नाही. म्हणजे हिरो म्हातारा झाला, व्हिलन मेला, सगळे घरी पोचले, असं काही इथे होणारच नाही, कुणीतरी खुर्चीवर बसलेल्या माणसानेच बटण दाबायचं.

आणि ते दाबलंय की आधी. १९८५ ला बीबीसीने दीड वर्षाची सक्तीची सुट्टी दिली, पुढे आयटीव्ही या दुसऱ्या चॅनलच्या लोकप्रिय 'कोरोनेशन स्ट्रीट'समोर लावून ठेवला, म्हणजे बघणार कोण, आणि डिसेंबर १९८९ ला २६ सीझननंतर गपचूप थांबवला. बंद झाला अशी दवंडी कुणी पिटली नाही, पुढचा सीझन काढलाच नाही एवढंच. मधे १९९६ ला पॉल मॅकगॅनला घेऊन एक टीव्ही फिल्म झाली, अमेरिकेत चालली नाही, विषय संपला.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे. १९८९ ते २००५ या सोळा वर्षांत शो टीव्हीवर नव्हता आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात भलं त्याच काळात झालं. फॅन लोकांनी कादंबऱ्या लिहिल्या, १९९९ पासून ऑडिओ नाटकं आली, कुणी रेटिंग विचारत नव्हतं त्यामुळे वाट्टेल ते प्रयोग चालायचे. रसेल टी डेव्हिस यांनी शो परत आणला खरा २००५ ला, पण त्याआधी १९९६ मध्ये याच मालिकेची एक कादंबरी त्यांची लिहून झाली होती, स्टीव्हन मॉफट यांनी १९९९ ला त्याचीच टिंगल करणारा छोटा कार्यक्रम लिहिला होता, पॉल कॉर्नेलच्या १९९५ च्या कादंबरीवरून तर २००७ मध्ये दोन एपिसोड झाले आणि ते माझ्या आवडत्यांपैकी आहेत. म्हणजे नवा शो ज्यांनी उभा केला त्यांचे हात बंद पडलेल्या काळातच लिहिते झाले. सुट्टी मिळाली नसती तर १९९० ला १९८९ सारखंच काहीतरी थोड्या जास्त थकलेल्या सेटवर आलं असतं, दुसरं काय.

तुम्ही विचाराल की तेव्हाही लोक कंटाळलेच होते का? होते ना! १९८६ मध्ये एक शाळकरी पोरगा बीबीसीच्याच एका कार्यक्रमात येऊन लेखकांच्या देखत शोच्या कथेला नावं ठेवून गेला, त्याचं नाव ख्रिस चिबनल. २०१८ ला तोच शोचा प्रमुख झाला आणि मग त्याच्यावर नव्या पोरांनी जे तोंडसुख घेतलं ते ऐकून मला त्याची दयाच आली. पण २०२० मध्ये त्याने डॉक्टरचा जन्म, मूळ, आधीचे अवतार वगैरे उकरून काढलं ते मला अजून पटलेलं नाही, शोच्या नावातच 'कोण?' आहे आणि तुम्ही आधार कार्ड काढून दाखवताय!

बरं, तुमचं मन का लागत नाही त्याचं एक साधं कारण मला दिसतं. १९६३ ला सुरू झालेल्या पहिल्या सीझनमध्ये ४२ एपिसोड होते, २००५ ला १३ आणि २०२४, २०२५ ला आठ-आठ. आठात काय होणार हो? सोबतीण येते, तिचं घर, तिची आई, तिचं गुपित, जगाचा शेवट आणि निरोप, सगळं दोन महिन्यांत. मधला तो फुकटचा एपिसोड जो कुणालाच फार आवडत नाही पण ज्याच्यात डॉक्टर आणि ती नुसते गप्पा मारत कुठेतरी अडकतात, तो उरलाच नाही आणि जीव जडतो तो तिथेच.

तर माझं उत्तर असं की बंद करू नका, थांबवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये बीबीसीने सांगितलंय की शेवटच्या दोन सीझनमध्ये भागीदार असलेली डिस्ने आता सोबत नाही, २०२६ च्या ख्रिसमसला डेव्हिस यांनीच लिहिलेला स्पेशल येणार. मला विचाराल तर त्यानंतर पाच-सात वर्षं कुणी हात लावू नये आणि मग ज्याने २००५ चा शो लहानपणी उशीच्या आडून बघितलाय अशा कुणाच्या तरी हातात द्यावा. तोवर तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका, नाही बघितले दोन एपिसोड तर नाही बघितले.

प्रश्न : मग 'बॅबिलॉन ५' या अंतराळातल्या मालिकेसारखा नीट शेवट का नाही करत? मला अर्धवट सोडलेल्या गोष्टींचा राग येतो.

उत्तर : 'बॅबिलॉन ५'ची गोष्टच मुळात पाच वर्षांची ठरवून लिहिलेली, कादंबरीसारखी. तरी तिथेही पाचवा सीझन मिळतो की नाही याची खात्री नसल्यामुळे चौथ्यातच सगळं कोंबावं लागलं, शेवटचा एपिसोड चौथ्यासोबत शूट करून ठेवला आणि पाचवा मिळाल्यावर तो पुढे ढकलला! याच्या उलट 'एक्स-फाइल्स' ही अमेरिकन मालिका, तिथे एक मोठं रहस्य लटकवून ठेवलं होतं, नऊ सीझन ताणलं, २००२ ला संपवलं, २०१६ आणि २०१८ ला परत आले आणि तरी गाठ सुटली असं मला काही वाटलं नाही. ज्याने प्रश्न टाकलाय त्याने उत्तर देऊन घरी जावं, तुमचा राग तिथे बरोबर आहे. डॉक्टरवर नको, त्याने तसं काही कबूलच केलेलं नाही.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा भाचा आता सुरू करायचं म्हणतो. १९६३ पासून दाखवू का?

उत्तर : अजिबात नको! एकतर जुन्या टेपा बीबीसीने पुसून टाकल्या, साठच्या दशकातल्या बऱ्याच एपिसोडचं चित्रच उरलेलं नाही, फक्त आवाज आहे, तोही तेव्हाच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ठेवला म्हणून. २००५ पासून सुरू करा. आणि नुसती चव द्यायची असेल तर २००७ चा 'ब्लिंक' दाखवा, डॉक्टर त्यात जेमतेम थोडा वेळ दिसतो, तुम्ही नजर हटवली की पुढे सरकणारे दगडी पुतळे आहेत. दुपारी दाखवा पण, रात्री झोपायला तुमच्याच खोलीत येईल.