सातारा जिल्ह्यातल्या मायणी-येरळवाडीच्या तलावांवरचे पक्षी बघायला पाच-सहा हजारांत दुर्बीण घ्यायची आहे; ३०×६० लिहिलेली, खिशात मावणारी एक स्वस्तात मिळतेय. स्वस्त दुर्बिणीत चित्र धूसर का दिसतं? दुकानात काय तपासावं?

तुम्ही साताऱ्याचे, मायणी-येरळवाडीचे पक्षी बघायचेत, आणि ३०×६० लिहिलेली खिशात मावणारी दुर्बीण स्वस्तात मिळतेय म्हणता. ती घेऊ नका. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ६० मिमीचं भिंग खिशात मावतच नाही. पट्टी लावून बघा. शिवाय हातात धरून दहापटीच्या वर चित्र नुसतं हलतं. ८×४० बघा. ४० भागिले ८, म्हणजे ५ मिमीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. पहाटेच्या अंधुक उजेडात हाच कामाला येतो. झूमवाली तर नकोच.

धूसरपणाचं मोठं कारण म्हणजे कोटिंग, म्हणजे काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर, नसणं. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तर तिसरा हिस्सा गेला. बरं, गेलेला प्रकाश सगळा बाहेर जात नाही, आतच भटकतो आणि चित्रावर पांढरट साय धरतो. फोकस कितीही फिरवा, ती हटत नाही. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटची प्रतिबिंबं बघा. फिकट हिरवी-जांभळी असतील तर चांगलं. एखादं जरी पांढरंफेक दिसलं तरी आतली ती काच कोरी आहे. लालभडक चमकणारी काच दिसायला भारी, पण ती लाल रंगच परतवते आणि चित्र हिरवट पडतं.

मग प्रिझम, म्हणजे नळीच्या आत उलटं चित्र सरळ करणारी काच. दुर्बीण फूटभर लांब धरून उजेडाकडे करा आणि आयपीसमधला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातला, उजळ ठिपका बघा. पूर्ण गोल हवा. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम बीके-७ काचेचं असण्याची शक्यता जास्त, बीएके-४ मागा. या बजेटमध्ये सरळ नळीची रूफ प्रिझम टाळा, तिच्या प्रिझमला फेज कोटिंग नावाचा खास थर लागतो आणि स्वस्तात तो बहुधा नसतो. जुन्या धाटणीची, खांदे असलेली पोरो प्रिझमची दुर्बीण त्याच पैशात उजवी ठरते.

बराच माल बाद होतो तो दोन नळ्या समांतर नसल्याने. डोळे ते जुळवून घेतात, म्हणून दुकानात कळत नाही. अर्ध्या तासाने डोकं धरतं. लांबची विजेची तार बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर मागे न्या. एका बाजूची तार वर-खाली सरकली तर तो नग परत करा. त्याच तारेवर कावळा बसला असेल तर कडेची जांभळी किनारही बघून घ्या. थोडी असणारच, या किमतीत ती चालवून घ्यावी लागते.

पावसाळ्यात कासला नेलीत तर घरी आल्यावर पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. आणि उन्हाळ्यात दुपारी येरळवाडीला हवाच थरथरत असते, तिथे लाखाची दुर्बीणही धूसरच दाखवते. सकाळी नऊच्या आत जा.