पूर्वी पानं भरायची, आता एक वाक्य अडतं

ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पुण्याला एफवायबीएला आले. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर ठरलेला असायचा. इथे लेखनकौशल्याच्या तासाला सरांनी माझा पहिलाच लेख पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत दिला. तेव्हापासून हात आखडलाय. पूर्वी अर्ध्या तासात चार पानं व्हायची, आता एका परिच्छेदात संध्याकाळ जाते. आणि वर्षाच्या शेवटी 'लेखक म्हणून मी कशी वाढले' यावर आठशे शब्द लिहून द्यायचेत. मी वाढले कुठे? होतं तेही गेलं. खोटं लिहू का? रूममेट म्हणते, एआयकडून लिहून घे, सगळे तेच करतात. माझ्या एका लेखाचे पहिला आणि शेवटचा असे दोन मसुदे सोबत पाठवतेय.
– एक वाचक, पुणे

खोटं लिहू नकोस. तशी गरजच नाही. तुझे दोन्ही मसुदे मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. तुला जे दिसत नाहीये ते त्यात अगदी स्पष्ट आहे.

पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी आहे: "कोवळ्या उन्हात न्हाऊन निघालेला आमच्या गावचा आठवडी बाजार जणू नववधूसारखा नटला होता." समासात सरांनी बारीक अक्षरात विचारलंय, "हे तू पाहिलंस?" शेवटच्या मसुद्यात त्याच जागी तू लिहितेस: "सकाळी दहा रुपयांना एक मिळणारी शेपूची जुडी चारनंतर दहाला तीन होते. म्हणून आई चारलाच घरातून निघते."

अगं, किती चांगलं लिहिलंयस हे! पहिलं वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजाराला चालेल, बाजार न बघताही लिहिता येईल. दुसरं लिहायला त्या बाजारात जावं लागतं, भाव विचारावा लागतो आणि आपली आई नेमकी त्याच वेळी का निघते हे एकदा तरी मनात यावं लागतं. तुमच्या घरचा महिन्याचा हिशेब त्या दोन वाक्यांत आलाय. पहिलं अर्ध्या मिनिटात सुचलं असेल, दुसऱ्याला संध्याकाळ लागली असेल. लागणारच. तयार वाक्य आठवायला वेळ लागत नाही, बघून लिहायला लागतो. तुझा हात आखडलेला नाही, तू आता पाहिल्याशिवाय लिहीत नाहीस.

यावरून शाळेतल्या बाईंनी चुकीचं शिकवलं असं मात्र मनात आणू नकोस. तुझं शुद्धलेखन स्वच्छ आहे, वाक्याची लय कानाला बरोबर लागते, ती त्यांचीच देणगी. पण दहावीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांतलं एक काहीतरी उरलेल्या वेळात एका दमात उतरवायचं असतं. तिथे दुसऱ्या मसुद्याला जागाच नाही. मग मुलं सुरुवातीच्या चार ओळी, दोन सुभाषितं आणि एक शेवट पाठ करून जातात. तेवढ्या वेळात तेच शहाणपणाचं असतं. लिहिलेलं पुन्हा उघडून मोडायचं असतं, हे तुला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं, आणि तेही एकदम पेन्सिलीच्या खुणांनी. लागलं असणार. पहिल्या लेखावर एखादी बरी खूणही करायला हवी होती, असं मला वाटतं.

तुला वाटतंय ते एकटीला वाटत नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९९७ साली आलेल्या चारशेहून जास्त विद्यार्थ्यांच्या लेखनाचा नॅन्सी सॉमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीपर्यंत मागोवा घेतला. पहिल्या वर्षाबद्दलचे निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. ज्यांनी 'आपण इथे नवशिके आहोत' हे मान्य केलं, त्यांची प्रगती जास्त झाली. शाळेत जमायचं तेच इथेही चालेल असं धरून बसलेले अडकले. शाळेत हुशार म्हणून नाव असलेल्यांना हे मान्य करणं जड जातं. तुलाही जड गेलं, तरी तू पुन्हा लिहायला बसलीस. तुझ्या पत्रात तू याला 'गेलं' म्हणतेस. मी म्हणणार नाही.

आता त्या आठशे शब्दांचं. 'या विषयामुळे माझा आत्मविश्वास वाढला, विचारांना दिशा मिळाली' यातलं काहीही लिहू नकोस. असं सगळेच लिहितात, सरांना ते पाठ झालं असेल. वर्षभराच्या सगळ्या लेखांचा आढावाही घेऊ नकोस. बाजाराचा एकच लेख घे. दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरव आणि मधल्या काळात काय झालं ते सांग: राग आला का, किती दिवस वही उघडली नाहीस, शेपूचा भाव कुणाला विचारलास, आईच्या वेळेचं केव्हा लक्षात आलं. निम्मे शब्द इथेच संपतील.

आणि जे अजून जमलेलं नाही तेही लिही. शेवटच्या मसुद्याच्याही अखेरीस तू 'अशा प्रकारे आठवडी बाजार हा ग्रामीण संस्कृतीचा आरसा आहे' असं लिहून मोकळी झालीस. इतकं नेमकं लिहून झाल्यावर तुला तिथे भीती का वाटली? शेवट मोठ्या वाक्याने केला नाही तर लेख अपुरा वाटेल म्हणून? याचं खरं उत्तर शोध आणि ते त्या लेखात घाल. माझ्या मते वर्षभराच्या वाढीचा तोच सगळ्यात भक्कम पुरावा ठरेल, कारण हा दोष सप्टेंबरात तुला दिसलाही नसता.

रूममेटशी वाद घालू नकोस. पण हे काम एआयकडे देऊ नकोस. तुझं पत्र मी वाचलंय, त्यात एकही सजवलेलं वाक्य नाही आणि तुझी अडचण मला पहिल्या वाचनात कळली. ज्या मुलीला असं लिहिता येतं, तिने स्वतःच्या वर्षाची हकिकत दुसरीकडून का लिहून घ्यावी?

गुण किती मिळतील ते मी सांगू शकत नाही. मात्र मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी कच्चा मसुदा घेऊन सरांकडे जा. त्यांना 'बरं झालंय का' असं विचारलंस तर ते 'हो' म्हणून मोकळे होतील. त्याऐवजी विचार, "सर, शेवटचा परिच्छेद काढून टाकला तर काही अडतं का?"