लंडन दोन दिवसांत: आधी कार्ड, मग पायपीट

दोनच दिवस असतील तर वेगळं तिकीट काढत बसू नका, कॉन्टॅक्टलेस कार्ड पुरतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार तेवढे सुरू करा. ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवा. आत कार्ड, बाहेर फोन केलंत, तर खातं एक असूनही यंत्राला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं.

लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला चालतच जा. ट्यूबने गेलात आणि लिफ्ट टाळलीत, तर १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे. चॉक फार्मला उतरून बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड मात्र चुकवू नका.